खडवलीच्या पाळण्याचा माग

ज्या वाग्देवतेच्या कृपेने मुक्या मनालाही शब्द लाभतात, आणि ज्या विघ्नहर्त्याच्या स्मरणाने घराबाहेर पडलेले पाऊल सुखरूप घरी परतते, त्या उभयतांना वंदन करून ही हकिगत लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की, कऱ्हाडातील माझ्या काही समवयस्क स्नेह्यांचे आता प्रवास होत नाहीत. मार्गशीर्षात मी ठाणे-कल्याणकडे जाऊन आलो, तेथे काय पाहिले ते सविस्तर लिही, असा त्यांचा आग्रह पडला. "तिकडे पाहण्यासारखे आहे तरी काय?" असेही त्यांतील एकाने विचारले. त्या बाजूस कोणी तीर्थयात्रेस जात नाही, हे खरे. मीही त्या हेतूने गेलो नव्हतो. मला बोलावणे आले होते ते संबंध म्हणजे काय, हे समजावून सांगण्यासाठी. तेथे गेल्यावर मात्र एका पाळण्याच्या शोधात गुंतलो.

डोंबिवली

वासुदेव हा माझा पाठशाळेतील जुना विद्यार्थी. न्यायशास्त्रात त्याची बुद्धी उत्तम चालत असे. पुढे चरितार्थासाठी त्याने नोकरी धरली आणि डोंबिवलीत घर केले. त्याची कन्या मुक्ता संगणकाच्या विद्येत निष्णात आहे. मला बोलावणे आले ते तिचेच. तिने आणि तिच्या सहकाऱ्याने मिळून या जिल्ह्यातील जुन्या गावांतून स्त्रियांची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली आहेत: जात्यावरची, लग्नातली, हळदीची. गाण्याच्या आधी आणि नंतर त्या स्त्रिया जे बोलल्या, कोणाकडून शिकलो, माहेर कुठले, तेही सारे जपले आहे.

पोहोचलो त्या सायंकाळी शेजारची जी जी मंडळी भेटावयास आली, त्यांनी प्रथम एकच प्रश्न केला, "किती वेळ लागला यायला?" आमच्याकडे आल्यागेल्यास "जेवलात का?" म्हणून विचारतात. येथे वेळ विचारतात, आणि उत्तर ऐकून हळहळतात. दोन्हींत आस्था तीच असावी. वासुदेवाच्या पत्नीने, सुधाने, वरण-भात, आळूवडी आणि गोड सांजा केला होता. "गुरुजी, कांदा-लसूण कशातच नाही हं," हे तिने पान वाढण्यापूर्वीच सांगून टाकले. माझा संकोच ओळखून तो आधीच दूर करण्याची ही रीत मला फार आवडली.

सकाळी सुधा दारात ठिपक्यांची रांगोळी घालीत होती. मुक्ता चहाचा पेला घेऊन तेथेच उभी राहिली.

"आजोबा, आमचं काम म्हणजे हेच. ठिपके म्हणजे बायका, गाणी, गावं. रेघा म्हणजे त्यांच्यातली नाती. याला आम्ही ग्राफ डेटाबेस म्हणतो. नेहमीचा साठा कपाटासारखा असतो, खणात वस्तू ठेवायची, खण उघडायचा. यात खण नाहीतच. एका ठिपक्यावर उभं राहायचं आणि रेघेरेघेनं चालत जायचं."

मी रांगोळीकडे पाहिले. "मुक्ते, या रेघेला आरंभ कोणता आणि शेवट कोणता?"

"रांगोळीत कुठं असतो आरंभ-शेवट?"

"मग ही उपमा अपुरी आहे."

ती हसली आणि आत वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाला होतात तसंच. आल्या आल्या सुरू!"

वर्तकनगर

त्यांचे कार्यालय ठाण्यास वर्तकनगरात, एका जुन्या वसाहतीच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांत आहे. खिडकीबाहेर जांभळाचे झाड, त्याच्या पारावर निवृत्त मंडळींची बैठक. आत मुक्ताचा सहकारी रोहन यंत्रापुढे बसलेला. हा तरुण अर्धे मराठी, पाव हिंदी आणि पाव इंग्रजी अशा भाषेत बोलतो. पण मन निर्मळ आहे आणि ऐकून घेण्याची वृत्ती आहे. आमच्या पाठशाळेत या दुसऱ्या गुणाची वानवा असे.

आम्ही बसतो न बसतो तोच दारातून आवाज आला, "मुक्ता, सापडला का गं?"

या पद्माताई. निवृत्त परिचारिका, त्याच वसाहतीत मागच्या इमारतीत राहतात. घर बौद्ध, माणसे शिकलेली, कष्टाने वर आलेली. त्यांच्या मुलाला कन्यारत्न झाले होते आणि येत्या रविवारी तिचे नामकरण होते. पद्माताईंची एकच इच्छा होती: आपली आई जो पाळणा गात असे, तोच नातीच्या पाळण्यापाशी गायला जावा. आई भागीरथी, माहेर खडवलीचे. पद्माताई परकरात होत्या तेव्हाच ती गेली. पाळण्याचे शब्द त्यांना आठवत नव्हते, चाल अर्धीमुर्धी आठवत होती. आई एक गोष्ट मात्र नेहमी सांगे, ती त्यांच्या मनात ठसली होती: "हा पाळणा माझा आणि चांगूचा." चांगू, म्हणजे चांगुणा, ही खडवलीतली आईची मैत्रीण. तिच्याकडूनच आईने तो उचलला असणार, असे पद्माताई धरून चालल्या होत्या.

"सूनबाई चांगली आहे हो," त्या मला म्हणाल्या. "म्हणते, आई, मोबाइलवर लावू एखादा छानसा. पण सर, कोणताही चालला असता तर मी इथं रोज चकरा मारल्या असत्या का?"

रोहनने खुर्ची माझ्याकडे वळवली. "आजोबा, प्रॉब्लेम बघा. 'पाळणा' टाकलं की हा आख्खा ढीग. 'जो बाळा जो जो' टाकलं तर त्याहून मोठा ढीग. सगळ्या आया सेमच बोलतात ना यार."

"आणि ते अर्थावरून शोधणारं लावलंस का?" मुक्ताने विचारले.

"लावलं. ते तर महान आहे. ते बोलतं, सगळे पाळणे सारखेच, सगळ्यांत बाळ झोपतंय, कुठलाही घ्या."

पद्माताई हसल्या नाहीत. रविवार जवळ येत होता.

येथे मला यांची अडचण नीट कळली, ती वाचकांसाठी सांगतो. शब्दाने शोधावे तर शब्द सर्वांचे एकच. अर्थाने शोधावे तर अर्थही सर्वांचा एकच. एका पाळण्याला दुसऱ्यापासून वेगळे करणारी गोष्ट त्याच्या आत नसून बाहेर होती. तो कोणी कोणास दिला, कोणत्या गावातून कोणत्या गावी गेला, हेच त्याचे लक्षण. म्हणून संबंधांचा साठा.

साठा त्यांनी केला होता. पण पडद्यावर पाहतो तो बहुतेक रेघांवर एकच नाव: 'संबंधित'. ही बाई त्या गाण्याशी संबंधित, ते गाणे या गावाशी संबंधित.

मी विचारले, "रोहन, जगात एकमेकांशी संबंधित नाही असे काय आहे?"

"म्हणजे?"

"जमिनीवर घट आहे. घट आणि जमीन संबंधित आहेत, एवढे म्हणून तू थांबलास, तर घटावर जमीन आहे असेही कोणी म्हणेल. आमच्या शास्त्रात संबंध सांगताना दोन टोके वेगळी सांगावी लागतात: कोणाचा आणि कोणाच्या ठायी. टोके उलटली की ज्ञान खोटे झाले."

रोहन म्हणाला, "म्हणजे ॲरो पाहिजे. आणि ॲरोला नाव पाहिजे."

"बाण पाहिजे, आणि बाणास नाव पाहिजे."

"मुक्ता, आजोबांनी आपलं मागच्या आख्ख्या पावसाळ्याचं काम उडवलं बघ!"

"मी तेव्हाच बोललेले तुला," ती म्हणाली. "तू बोललास, चलता है."

पुढचे काही दिवस आम्ही तेच काम केले. मी तेथील चटईवर बसे, ते दोघे एकेक मुलाखत ऐकवीत, आणि संबंधास नाव ठरे: 'हिने हिला शिकवले', 'हिचे माहेर', 'हिचे सासर', 'या गाण्यात त्या गाण्याची ओळ आली'. शिकवणारीकडून शिकणारीकडे बाण. दुपारी पद्माताई घरून डबा आणीत. पहिल्या दिवशी डबा पुढे करताना त्या किंचित थबकल्या. मी काय म्हणेन, याचा त्यांना अंदाज नसावा. मी हात धुऊन आलो आणि पानावर बसलो. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि जवसाची चटणी होती. चटणीत लसूण होती, ती तेवढी बाजूस ठेवली. उद्यापासून बिनलसणाची आणते, असे त्या म्हणाल्या आणि तशी आणली.

संबंधांना नावे देऊन झाल्यावर मुक्ताने चांगुणेपासून चालावयास सुरुवात केली. खडवलीच्या आसपासच्या कितीतरी गायिकांनी सहज बोलता बोलता तिचे नाव घेतले होते. "ही ओवी चांगूची." "हे हळदीचं गाणं आम्हाला चांगूनं शिकवलं." चांगुणेच्या ठिपक्यातून बाण चहूकडे गेले होते. परंतु तिचे स्वतःचे असे एकही ध्वनिमुद्रण नव्हते, सासरचीही नोंद नव्हती. एका जागी येऊन ती संपली होती.

"वारली असेल का हो?" पद्माताईंनी हळूच विचारले.

खडवली

मग आम्ही खडवलीस गेलो: मी, मुक्ता, रोहन आणि पद्माताई. कल्याणच्या पुढे गेल्यावर इमारती विरळ होतात आणि भातकापणी झालेली शेते दिसू लागतात. गावालगत भातसा नदी वाहते. पाणी स्वच्छ, खडकांवरून खळाळणारे. आमच्या कृष्णेचे पात्र मोठे, गंभीर. ही त्यामानाने खेळकर वाटली. सुट्टी नसतानाही मुंबईकडचे काही लोक सहलीस आले होते आणि त्यांच्या थर्माकोलच्या थाळ्या काठाला अडकल्या होत्या. आमच्याकडे घाटावर निर्माल्य अडकलेले असते. दोन्ही शेवटी माणसांचेच.

संध्येसाठी मी पाण्यात उतरलो. वहाणा खडकावर काढून ठेवल्या होत्या. अर्घ्य देऊन डोळे उघडतो तो एक वहाण प्रवाहातून डौलाने निघालेली! रोहन पाण्यात धावला, घसरला, कमरेपर्यंत भिजला आणि रिकाम्या हाताने परत आला.

"सॉरी आजोबा. ती गेली डायरेक्ट खाडीला."

उरलेली एक वहाण काठावर ठेवून मी रोहनच्या पिशवीतील हिरव्या रबरी सपाता पायात घातल्या. पुढील सारा प्रवास त्यांवरच झाला.

गावात चौकशी करीत एका घरी पोहोचलो. ओटीवर सोनूबाई नावाच्या एक वृद्धा वाल निवडीत बसल्या होत्या. चांगूचे नाव काढताच त्यांनी सूप बाजूला ठेवले.

"चांगू? अगं बाई! नदीवर धुणं धुवायला आम्ही एकत्र जायचो. चांगू, मी आणि वस्तीतली भागू."

"भागू माझी आई," पद्माताई म्हणाल्या.

सोनूबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. "नाक तिचंच हाय. भागूच्या घरचा घडा येगळा, आमचा येगळा, तेव्हा तसंच होतं. पण नदीवर कोन बघतंय? भागू आन् चांगू एकाच दगडावर बसून गायच्या. चांगूची आय बोंबलायची वरनं."

"चांगूताई आता कुठं असतात?" मुक्ताने विचारले.

"ती दिली ठाण्याच्या खाडीला. मोठं लगीन झालं. मग कुठली येते?"

"सासरचं गाव? आडनाव?"

"आता काय आठवतंय! खाडीला दिली, येवढंच ठावं."

तेथे चहा आणि तांदळाच्या पिठाची धिरडी मिळाली. मग आम्ही परतीच्या वाटेला लागलो. ठाण्याच्या खाडीला गावे काय थोडी आहेत? रविवार परवावर आला होता.

पुन्हा डोंबिवली

त्या संध्याकाळी सुधा तांदूळ पाखडीत होती आणि परातीत पांढरेशुभ्र दाणे पसरले होते. मी ते पाहत बसलो होतो. माझ्या हातून अनेक विवाह लागले आहेत. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या वेळी परातीत तांदूळ पसरून वराने सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहावयाचे, अशी रीत आहे. किती वधूंची नावे माझ्यासमोर अशी लिहिली गेली! आणि त्या पुढे त्याच नावाने ओळखल्या गेल्या.

मी मुक्ताला हाक मारली. "मुक्ते, तुमच्या साठ्यात एका स्त्रीस नावे किती?"

"एक. का?"

"चांगुणा लग्नात संपली. ती वारली म्हणून नव्हे. तेथे तिचे नाव पुसले असेल. खाडीकाठच्या कोणत्या तरी गावी दुसऱ्याच नावाची एक वृद्धा तुमच्या साठ्यात आधीपासून बसली असेल. एकाच बाईचे तुम्ही दोन ठिपके केले आहेत आणि मध्ये रेघ नाही."

मुक्ताने कपाळावर हात मारून घेतला. "आणि आईचं स्वतःचं नाव! आई, तुझं माहेरचं नाव काय गं?"

"नलिनी," सुधा तांदळावरून मान वर न करता म्हणाली. "माझ्या घरात राहून तुला आज सुचलं होय!"

मुक्ताने रोहनला फोन लावला. दोघांनी मिळून नवा बाण केला, 'लग्नापूर्वी ही', आणि यंत्रास विचारले: खाडीकाठच्या गावांतील अशा स्त्रिया दाखव, ज्यांचे माहेर खडवली आणि ज्यांच्या गाण्यांत चांगुणेने शिकवलेल्या गाण्यांच्या ओळी आढळतात. माहेर खडवली असलेल्या अनेक निघाल्या. ओळी जुळणारी एकच. पार्वतीबाई, बाळकुम. आगरी समाजाच्या, पूर्वी शेती आणि मिठागर होते.

"हिचं रेकॉर्डिंग मीच केलंय!" रोहनचा आवाज फोनमधून घुमला. "पारूआजी! आजी एक नंबर आहे. पण हिनं पाळणा नाय गायला, मला पक्कं आठवतंय. मी बोललेलो, आजी, एक पाळणा होऊन जाऊ दे. तर माझ्यावर भडकली."

"का भडकल्या?"

"बोलली, बाळ कुठाय? रिकामा पाळणा हलवतोस काय, मेल्या!"

ते ऐकून मी हात जोडले. रिकामा पाळणा हलवू नये, ही समजूत आमच्याकडेही आहे. बाळाविना त्या गाणार नाहीत, म्हणजे त्यांच्या पाळण्याचा मुद्रित ठसा साठ्यात असणे शक्य नव्हते. साठ्यातून हाती जे लागले ते गाणे नव्हते, ज्यांच्याकडे गाणे आहे त्या बाईचा पत्ता होता.

मुक्ता पद्माताईंना कळविण्यास उठली, तेव्हा मी तिला थांबवू पाहिले. "हे अजून अनुमान आहे. उद्या प्रत्यक्ष पाहू, मग सांगू." परंतु तिने तोवर सांगून टाकले होते.

बाळकुम

बाळकुम हे पूर्वीचे गाव. आता उंच इमारतींच्या मध्ये जुनी कौलारू घरे, एक देऊळ आणि वाळत घातलेली जाळी अशी त्याची ओळख उरली आहे. इमारतींच्या दारांवर परदेशी वाटावीत अशी नावे आहेत. आतल्या गल्लीत मात्र सुक्या मासळीचा वास आणि कोंबड्यांचा वावर. मी नाकास उपरणे लावले नाही. दुसऱ्याच्या अन्नास नाक मुरडू नये, असे माझ्या वडिलांनी शिकविले होते.

पारूआजी ओट्यावर बसल्या होत्या. ठेंगणी, काटक मूर्ती, कानात जुन्या घडणीच्या कुड्या. त्यांनी प्रथम रोहनला ओळखले.

"आयलास परत? आता क्या पायजे?" मग माझ्या धोतरावरून त्यांची दृष्टी खाली गेली. "आन् ये भटजी कोन? धोतर काशीचा आन् पायात हिरव्या सपाता!"

"आजी, त्यांची चप्पल नदीत गेली. खडवलीला," रोहन म्हणाला.

"खडवलीला?" त्या एकदम सावरून बसल्या. "माज्या माहेराला तुमी क्या करीत होता?"

मी नमस्कार करून विचारले, "आजी, लग्नाआधी आपले नाव काय होते?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी केला नसावा. त्या आतल्या घराकडे पाहू लागल्या. तेथे त्यांची सून भाकऱ्या थापीत होती, तिचाही हात थांबला.

"चांगू," त्या म्हणाल्या. "सासूला नाव पसंत नव्हता. मनली, आमच्यात पार्वती."

पद्माताई पुढे झाल्या. मुक्ताने सांगितले, "आजी, ही भागूची मुलगी."

पारूआजींनी हात लांब करून पद्माताईंची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला.

"भागू हाय का?"

"नाही. मी लहान असतानाच गेली."

"मना कोनी सांगला नाय," त्या म्हणाल्या. "कोन सांगनार? चांगू कुठे हाय, ते तरी कोनाला ठावं होता?"

पाळण्याची गोष्ट निघाली. पद्माताईंनी विनवले, एकदा तरी म्हणून दाखवा, निदान एक कडवे. रोहनने खिशातून हळूच यंत्र काढले.

"ठेव तो खिशात," पारूआजी कडाडल्या. "बाल कुठाय? बाल दाखव, मंग गाईन."

"उद्या नामकरण आहे, आजी. वर्तकनगरला. पण तुमचे गुडघे..."

"माज्या गुडघ्यांचा तू नको बोलूस. गाडी आन. मी येतंय."

सुनेने आम्हांस जेवावयास बसविले. तांदळाची मऊ भाकरी आणि वालाचे बिरडे. माझ्यासाठी नवे भांडे काढून वेगळे शिजविले होते. मी काही न सांगताच तिने ते केले होते. पारूआजी मला वाढताना म्हणाल्या, "भटजी, भाकर थंड होते. मंत्र नंतर." मी चित्राहुती घालून जेवलो. असे बिरडे मी कऱ्हाडात खाल्ले नाही.

रविवार

पद्माताईंच्या घरी दिवाणखान्यात तथागतांची मूर्ती, तिच्यापुढे मेणबत्त्या आणि पांढरी फुले. पाळण्याला झेंडूच्या माळा. शुभ्र वस्त्रे नेसलेल्या स्त्रियांनी त्रिसरण म्हटले. पाली भाषेचे ते उच्चार मी प्रथमच घरगुती कंठांतून ऐकले. कित्येक शब्द माझ्या संस्कृताचे सख्खे भाऊ वाटले. मी एका बाजूस डोळे मिटून बसलो होतो.

रोहन आणि पारूआजींचा नातू या दोघांनी मिळून त्यांना जिना चढविला. नाकात नथ, हिरवी नऊवारी. त्या आल्या, त्यांनी बाळाकडे पाहिले, आणि पाळण्याची दोरी हाती घेतली. दिवाणखाना शांत झाला. सूनबाईंनी मोबाइलचा ध्वनिक्षेपक आधीच काढून ठेवला होता.

आवाज थरथरता, पण सूर पक्का. नदीचे पाणी, दगडावरचे धुणे, पलीकडच्या काठाने जाणारी गाय, असे एकेक बाळाला दाखवीत तो पाळणा चालला होता. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर पद्माताईंनी तोंडावर पदर धरला. पुढची ओळ पारूआजींच्या आधीच त्यांच्या ओठांवर आली होती. शब्द आठवत नाहीत, असे त्या इतके दिवस सांगत होत्या. उरलेला पाळणा दोघींनी मिळून म्हटला. मग आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले.

खीर वाटली गेली. पद्माताई पारूआजींच्या पायाशी बसल्या. "आजी, माझ्या आईला तुम्ही दिलेलं आज माझ्या नातीला दिलंत."

पारूआजींनी खिरीची वाटी खाली ठेवली. "मी दिलेला? कोनी सांगला तुना?"

"आई म्हणायची ना, माझा आणि चांगूचा."

"अगं, तिचाच तो. तिच्या आयनं तिला शिकवलान, तिनी मना शिकवलान, नदीवर. माजा नाय. माज्या चारी पोरांना मी भागूचाच पालना गायला." त्या थांबल्या. "घरात पानी नाय प्यायलो आमी तिच्या हातचा. पन पालना तिचाच."

पद्माताईंचे डोके त्यांच्या मांडीवर केव्हा टेकले, ते मला दिसले नाही. मी मूर्तीपुढील मेणबत्तीकडे पाहत होतो.

पारूआजींनी तो पाळणा पुढे कोणाकोणास शिकवला, ते त्यांना विचारून भरल्यावर मुक्ताने आपले यंत्र माझ्यापुढे धरले. पडद्यावर दोन ठिपके होते, चांगुणा आणि भागीरथी. मधला बाण चांगुणेकडून निघून भागीरथीकडे जात होता. पद्माताईंच्या सांगण्यावरून आम्हीच तो तसा ओढला होता. मी स्वतः त्यास मान डोलावली होती. घट आणि जमीन यांची टोके उलटू नयेत, हे इतरांना शिकवीत असतानाच.

"आजोबा, उलटवू?"

"मला काय विचारतेस? ज्यांचा आहे त्यांना विचार."

तिने यंत्र पद्माताईंकडे नेले आणि काय करावयाचे ते समजावले. पद्माताईंनी डोळे पुसले, बोट पुढे केले, आणि बाण वळविला. आता तो त्यांच्या आईपासून निघत होता. चांगुणेतून पुढे गेलेल्या पाळण्याच्या साऱ्या वाटा, खाडीकाठच्या कुठल्या कुठल्या घरांपर्यंत पोहोचलेल्या, मागे मागे जात भागीरथीच्या ठिपक्याशी येऊन मिळाल्या. पारूआजींनी चष्मा नसल्याने पडदा जवळ ओढून पाहिला. "यवढ्या घरात गेली भागू?" असे त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पाळण्याची दोरी हाती घेतली, कारण बाळ जागे झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी परतलो. हिरव्या सपाता परत करण्याचे राहून गेले, त्या देवघराबाहेर ठेवल्या आहेत.

वाचकहो, आपल्या घरी पाळणा असेल तर तो भरलेला राहो. नसेल तर ज्या मुखाने आपल्याला पहिले गाणे ऐकविले, त्या मुखाचे नाव, माहेरचे आणि सासरचे, आपल्या स्मरणात राहो. आपल्या घरी अन्न, पाणी आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे पाऊल कधी उणे न पडो, आणि आपल्या मुलाबाळांना शांत झोप लागो, हेच त्या जगन्मातेच्या चरणी मागणे.